नऊ वर्षांचे शून्य आणि कमरेचा घेर

‘स्थापनेपासूनच्या नऊ वर्षांत आमच्या वंध्यत्व-उपचार केंद्रात बीजकोषांच्या अतिउत्तेजनाचा एकही गंभीर रुग्ण नोंदला गेलेला नाही.’

केंद्राने चौकशी समितीला पाठवलेल्या निवेदनाचे हे पहिले वाक्य. ते खोटे होते असे म्हणणे त्याच्या कर्त्यांवर अन्याय करणारे ठरेल. खोटे बोलायला सत्याशी थोडी तरी ओळख लागते. येथे मेहनत वेगळ्याच दिशेने घेतलेली होती. केंद्राच्या नोंदवहीत ‘गुंतागुंत’ या मथळ्याचा एक रकाना होता आणि मथळ्याखाली बारीक अक्षरांत अट होती: केंद्रात दाखल असताना उद्भवलेली. आता दाखल व्हायचे तर खाट लागते, आणि खाट तिथे एकही नव्हती. स्त्रीबीजे काढून झाल्यावर दोन तास पडण्यासाठी तीन आरामखुर्च्या होत्या, आणि सहाच्या ठोक्याला दाराला कुलूप लागत असे. ज्या बाईला त्रास व्हायचा तिला तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणात होई. तिथून ती भलत्याच रुग्णालयात पोचे, तिथल्या कागदावर ‘पोटात पाणी’ अशी नोंद होई, आणि केंद्राचा रकाना धुतल्या तांदळासारखा राही. कोरड्या विहिरीत नऊ वर्षांत कोणी बुडाले नाही, हे विहिरीचे पुण्य म्हणून मिरवावे, त्यातला हा प्रकार. झाकली मूठ सव्वा लाखाची असते. ही मूठ तर गुळगुळीत माहितीपत्रकावर रंगीत छापलेली होती.

दुसरे वाक्य अधिक कामसू होते. ‘प्रस्तुत प्रकरणी एका परिचारिकेने, अधिकार नसताना, स्वतःच्या दूरध्वनीवरून रुग्णेशी संपर्क साधून तिला भयभीत केले व अन्यत्र धाडले. सदर परिचारिकेस निलंबित करण्यात आले असून तिची व्यावसायिक नोंदणी रद्द व्हावी, अशी विनंती आहे.’

ही भयभीत रुग्ण त्या वेळी आपल्या दुकानात बसून एका गृहस्थाच्या पँटची कंबर उसवत होती.

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. तिच्या दुकानात नवे कपडे शिवले जात नसत. शिवलेले कपडे बदललेल्या माणसांच्या मापाला आणले जात. लग्नानंतर सुटलेली पोटे, आजारपणानंतर उतरलेले खांदे, उतारवयात आखूड झालेल्या पाठी, सगळ्यांची तिथे गुपचूप सोय लागे. या धंद्याचा एक अलिखित दंडक आहे, आणि तो तिने शिकाऊ असताना पहिल्याच आठवड्यात पाठ केला होता: गिऱ्हाइकाला ‘तुम्ही जाड झालात’ असे कधीही म्हणायचे नाही. ‘कापड आटलंय’ म्हणायचे. माणूस निर्दोष, कापड अपराधी. चौदा वर्षांत तिने इतक्या कापडांवर हा आळ घेतला होता की तिला तो स्वतःलाच खरा वाटू लागला होता. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

“पुन्हा वाच,” सासूबाई म्हणाल्या. त्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून बटणे लावत. समितीने साक्षीच्या बोलावण्यासोबत निवेदनाची प्रत पाठवली होती.

“‘तिला भयभीत केले’, आई.”

“तुला? सुया दातात धरून शिंकणाऱ्या बाईला?” सासूबाईंनी दोरा तोडला. “चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि हे दुसरं पाकीट कसलं?”

दुसरे पाकीट केंद्राचे होते. आत टंकलेले पत्र, फक्त सहीची जागा मोकळी. ‘माझी प्रकृती ठीक होती. परिचारिकेच्या फोनमुळे मी विनाकारण घाबरले.’ पाकिटाच्या पाठोपाठ केंद्राच्या कार्यालयातून फोनही आला होता, फार गोड आवाजात. “तुमचे सहा गर्भ आमच्याकडे अगदी सुरक्षित आहेत हं. पुढच्याच महिन्यात रोपण घेऊ. तेवढं पत्र सहीनिशी आलं, की मी तुम्हाला तारीख देते.”

धमकी इतक्या मऊ कापडाची असली की तिची शिवण बोटाला लागत नाही. टेलरबाईच्या बोटाला मात्र लागली.

दुपारचा डबा खायला तिचा नवरा आला. तो इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करत असे, आणि जगातल्या बहुतेक गोष्टी त्याला लिफ्टसारख्या दिसत. त्याने दोन्ही कागद वाचले, हात पुसले, पुन्हा वाचले.

“लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की बझर वाजतो,” तो म्हणाला. “यांनी बझरची वायर तोडली. आणि आता पाटी लावलीये, नऊ वर्षांत बझर वाजला नाही.”

“आणि जिने हाताने बझर वाजवला, तिला नोकरीवरून काढली,” सासूबाई म्हणाल्या.

“मग काय करायचं?” टेलरबाईने विचारले. प्रश्न उगाचच होता. पण सहा गर्भ त्या इमारतीत, उणे एकशे शहाण्णव अंशांच्या थंडीत पडून होते. सात वर्षे वाट पाहिलेल्या बाईला तो प्रश्न एकदा मोठ्याने विचारून पाहण्याचा हक्क होता.

नवरा जेवत राहिला. मग म्हणाला, “अगं, ती बाई फोन न करती तर मी आत्ता कुणाशी बोलत असतो?”

*

तो फोन आला त्या दिवसाची हकिगत अशी.

बीजकोषांमध्ये पाण्याच्या बारीक पिशव्या वाढवून त्यांत बीजे पिकवायची, म्हणून टेलरबाईला दहा दिवस पोटात इंजेक्शने दिली गेली. तिचे बीजकोष मुळातच उतावळे, गाठीगाठींचे. इतर बायकांच्या सोनोग्राफीत दहा-बारा पिशव्या दिसतात. तिच्या पडद्यावर काळ्या द्राक्षांचा घोस लटकला. केंद्रातल्या परिचारिकेने, म्हणजे सिस्टरने, मोजल्या: एकतीस. तिने आकडा फाइलवर लाल शाईने लिहिला आणि फाइल घेऊन ती बाहेर साहेबांकडे गेली. केंद्राच्या संचालकांना तिथे सगळे साहेब म्हणत. परत आली तेव्हा तिचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट होता. शनिवारी बीजे सोडवणारे शेवटचे इंजेक्शन नेहमीचेच दिले गेले. सोमवारी सव्वीस बीजे निघाली. साहेबांचा हात हलका. दुखले नाही, आणि टेलरबाईने त्यांचे मनापासून आभार मानले. पुढच्या शनिवारी गर्भाचे रोपण ठरले. निघताना हातात एक छापील कागद पडला: ‘पोटात किंचित फुगवटा स्वाभाविक आहे. किरकोळ बाबींसाठी फोन टाळावा.’

मंगळवारी स्कर्ट कमरेला काचला. टेलरबाईने दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, दीड इंच सोडला, पुन्हा मशीन मारली आणि कामाला लागली. बुधवारी संध्याकाळी स्कर्ट पुन्हा काचला. तिने आणखी दोन इंच सोडला. टाका सरळ आला का, हे तिने भिंगाखाली तपासले. पोट मात्र तपासले नाही. कमरेची मापे घेण्यावर जिने चौदा वर्षे काढली, गळ्यात दिवसभर टेप वागवला, तिला तो स्वतःच्या कमरेभोवती एकदा फिरवावा असे सुचले नाही. कापड आटलंय, ती पुटपुटली, आणि तिचा त्यावर विश्वास बसला.

गुरुवारी दुपारी पावणेदोनला फोन वाजला.

“ताई, मी केंद्रातली सिस्टर बोलतेय. जेवणाच्या सुट्टीत आहे, माझ्याच फोनवरून. कशा आहात?”

“बरी आहे. तुम्ही जेवलात?”

“माझं राहू द्या. पोट कसंय?”

“ठीक. जरा फुगल्यासारखं. तुमच्या कागदावर लिहिलंय तसंच.”

“जरा म्हणजे किती?”

“आता ‘जरा’ला काय माप असतं, सिस्टर?”

“तुम्ही टेलर ना? तुम्हीच सांगा.”

टेलरबाई हसली. हसताना धाप लागली, म्हणून थांबली. मग तिने स्कर्टची गंमत सांगितली. दोनदा ढिला करावा लागला, आजकालच्या कापडात काही राम राहिला नाही.

“किती ढिला केलात?”

“परवा दीड. काल दोन.”

“सेंटिमीटर?”

“इंच.”

पलीकडे डब्याचे झाकण लावल्याचा आवाज आला.

“ताई, दोन्ही दिवस तोच स्कर्ट? मध्ये धुतला होता?”

“नाही हो.”

“मग न धुता आटला कसा?”

टेलरबाईच्या हातातली कात्री टेबलावर तशीच राहिली. चौदा वर्षांत हा प्रश्न तिला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता.

“लघवी कधी झाली?”

“सकाळी. अगदी थोडी. तहान मात्र फार लागतेय.”

“धाप?”

“दुकानाची पायरी चढले की.”

“आता नीट ऐका. इकडे येऊ नका, इथे खाट नाही. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एकट्या जाऊ नका. कागद घ्या, मी सांगते ते लिहा.”

हाताशी कागद म्हणून खाकी पॅटर्नपेपर होता आणि पेन म्हणून खडू. तिने कोटाच्या बाहीच्या आराखड्यावर लिहिले: शनिवारी शेवटचं इंजेक्शन. एकतीस फॉलिकल. सोमवारी सव्वीस बीजं काढली. दोन दिवसांत घेर साडेतीन इंच वाढला. लघवी कमी, धाप. बीजकोषांचं अतिउत्तेजन असू शकतं.

“नुसतं ‘पोट फुगलंय’ म्हणालात तर रांगेत बसवतील,” सिस्टर म्हणाली. “हे वाचून दाखवा. आणि दुखायला लागलं तरी आपल्या मनाने गोळी घेऊ नका.”

“सिस्टर, घाबरण्यासारखं आहे का?”

“तुम्ही लगेच निघालात तर नाही.”

त्या पाच शब्दांना केंद्राच्या निवेदनात ‘भयभीत केले’ असे म्हटले आहे.

*

मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर टेलरबाईने बाही वाचून दाखवली. खिडकीतल्या माणसाने मान वर केली आणि चाकाची खुर्ची मागवली. तासाभरात तिच्या पोटावर सोनोग्राफीचे यंत्र फिरत होते. वॉर्डातली डॉक्टर तरुण, भराभरा चालणारी. तिने रक्ताचा रिपोर्ट पाहून आधी स्वतःशीच मान हलवली आणि मग खाटेच्या कडेला बसून समजावले.

“तुमच्या बीजकोषांना नको तितकं चेतवलं गेलंय. त्यामुळे रक्तवाहिन्या गळायला लागल्यात. रक्तातलं पाणी पोटात उतरतंय. म्हणून पोट भरलंय आणि शरीर कोरडं पडलंय. रक्त घट्ट झालंय, त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. त्यासाठी पातळ करणारं इंजेक्शन देतोय. पोटातलं पाणी सुईने काढू.”

“अजून एक-दोन दिवस थांबले असते तर?”

“ते आता कशाला? थांबला नाहीत ना.”

“आणि शनिवारचं रोपण?”

“मुळीच नाही. आत्ता दिवस राहिले तर हा त्रास दुप्पट होईल आणि लांबेल. गर्भ गोठवून ठेवायला मी आजच त्यांना कळवते. गोठवलेले गर्भ रुसत नाहीत.” ती उठता उठता थांबली. “एकतीस दिसल्यावर हे टाळता आलं असतं खरं तर. शेवटचं इंजेक्शन दुसऱ्या प्रकारचं देता येतं, त्याने हा धोका फारच कमी होतो. एक गोळी असते, ती सुरू करता येते. आणि रोपण तेव्हाच पुढे ढकलायचं. अवघड काहीच नाही यात.”

पुढचे नऊ दिवस अती तेथे माती या म्हणीवर भाष्य म्हणून वाचता येतील. पण टेलरबाईच्या आठवणीत ते कृतज्ञतेचेच राहिले. पोटातून एकूण साडेचार लिटर पाणी निघाले. प्रथिनांच्या बाटल्या शिरेतून गेल्या. रोज सकाळी वजन, रोज सकाळी घेर. आता टेप परिचारिकांच्या हातात होता, आणि त्या बेंबीवर शाईची खूण करून नेमक्या त्याच रेषेवर मोजत. मापाच्या बाबतीत स्वतःपेक्षा काटेकोर माणसे पाहून तिला पडल्या पडल्या समाधान वाटे. नवऱ्याने रुग्णालयाची कुरकुरणारी लिफ्ट न सांगता दुरुस्त करून टाकली. सासूबाईंनी लघवी मोजण्याचे काम परिचारिकांकडून जवळपास हिसकावून घेतले होते. मापाचे भांडे उजेडाकडे धरून त्या आकडा अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करत.

“तीनशे वीस. काल शंभरावर अडली होती.”

“आई, हळू.”

“हळू कशाला? लोक पोरांचे मार्क सांगतात, मी सुनेचे सांगते.”

सहाव्या दिवशी आकडा दीड हजारावर गेला. त्या दिवशी सासूबाई भांडे धुऊन आल्या, खाटेशी बसल्या, सुनेचा हात हातात घेतला आणि आकडा फक्त तिच्या कानात सांगितला. इतका हळू आवाज त्या घराने त्यापूर्वी ऐकला नव्हता.

वॉर्डातल्या डॉक्टरने अशा गंभीर रुग्णाची सूचना, सिस्टरच्या फोनच्या उल्लेखासह, नियमाप्रमाणे आरोग्य खात्याला धाडली. तीतून चौकशी निघाली, चौकशीतून निवेदन निघाले, आणि निवेदनातून सिस्टरचा बळी.

*

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी टेलरबाई सिस्टरच्या घरी गेली. सिस्टर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. निलंबित झाल्यापासून, ती म्हणाली, घरातले सगळे रुमाल दिवसातून दोनदा घडी होत होते.

“तुम्ही सही करून टाका, ताई.”

“का म्हणून?”

“तुमचे सहाच्या सहा तिकडे आहेत. मला काय, कुठेतरी काम मिळेल.”

“नोंदणी रद्द झाल्यावर? कसलं?”

सिस्टरने उशीचा अभ्रा झटकला.

“गर्भ दुसऱ्या केंद्रात हलवता येतात,” टेलरबाई म्हणाली. “वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून आले. वेळ लागेल, अर्ज करावे लागतील, पण येतात. तुमची नोंदणी गेली तर ती कुठे हलवायची?”

“तुम्ही फार बोलता.”

“सासूबाईंची शिकवणी आहे. मला एक सांगा, तुम्ही मला एकटीलाच फोन केलात?”

सिस्टर उठली, कपाटातून एक लहान वही काढून पुन्हा बसली, पण उघडली नाही. “वीसच्या वर मोजल्या की मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन करते. सहा वर्षं झाली. केंद्राची पद्धत नाही, माझी आहे. त्यातल्या सतरा जणींना दुसरीकडे दाखल व्हावं लागलं. तुम्ही अठराव्या.”

“मग ही वही उद्या टेबलावर ठेवा. त्यांचं शून्य तिथल्या तिथे आटेल.”

“सतरा बायकांची नावं आहेत यात. काहींच्या घरी अजून माहीत नाही की त्यांनी उपचार घेतले. त्यांना न विचारता? नाही जमणार, ताई.”

“आणि माझी फाइल? एकतीसचा आकडा घेऊन तुम्ही बाहेर गेला होतात. मी पाहिलंय.”

“गेले होते. विचारलं साहेबांना, इंजेक्शन बदलायचं का, रोपण थांबवायचं का. ते ‘नको’ म्हणाले. जिन्यात उभं राहून बोललो आम्ही. साक्षीदार म्हणाल तर जिना.” तिने वही कपड्यांच्या ढिगाखाली सरकवली. “मी हे उद्या सांगितलं तर म्हणतील, निलंबित बाई सूड उगवतेय. साहेब स्वतः सांगतील तेव्हाच ते खरं.”

म्हणजे जिचे काम धोक्यात होते तिच्यापाशी पुरावा होता आणि तो सभ्यतेने बंद होता. आणि ज्याच्यापाशी सत्य होते त्याला ते सांगण्याचे काही कारण नव्हते. न्यायदानाच्या इतिहासात ही मांडणी नवी नाही. निकाल बहुधा ठरलेला असतो.

*

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याचे तीन ग्लास, एक लघुलेखक, आणि मधोमध अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. साहेब खिडकीशी बसले होते, शेजारी केंद्राचे वकील. सिस्टर भिंतीला लागून एकटी. नवरा आणि सासूबाई मागच्या बाकावर.

वकिलांनी छापील कागद पुढे ठेवला. “मंगळवार, बुधवार, या दोन दिवसांत तुम्ही केंद्राला एकही फोन केला नाहीत?”

“नाही केला.”

“म्हणजे त्रास नव्हता.”

“त्रास होता. मला कळला नाही.”

“स्वतःचं पोट साडेतीन इंच वाढलं आणि तुम्हाला कळलं नाही? तुम्ही व्यवसायाने टेलर आहात ना?”

मागच्या बाकावर सासूबाई खाकरल्या. टेलरबाईने मागे पाहिले नाही. भर दरबारात स्वतःच्या धंद्याची अब्रू काढण्याची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच येत होती.

“हो, टेलर आहे. म्हणूनच नाही कळलं,” ती म्हणाली. “आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, कापड आटलंय. त्याला वाईट वाटू नये म्हणून. मी स्वतःलाही तेच सांगितलं. स्कर्ट दोनदा ढिला केला. चूक माझीच आहे, ती मी कबूल करते. लिहून घ्या.”

लघुलेखकाने लिहून घेतले. वकील समाधानाने अध्यक्षबाईंकडे वळले. “रुग्णेचा निष्काळजीपणा तिच्याच तोंडून—”

“माझं संपलं नाही,” टेलरबाई म्हणाली. “सिस्टरचा फोन आला नसता तर गुरुवारी मी तो स्कर्ट तिसऱ्यांदा ढिला केला असता. शिवणीत अजून दीड इंच कापड शिल्लक होतं.”

नवरा बुटांकडे पाहत होता.

“आणखी काही सांगायचंय?” अध्यक्षबाईंनी विचारले. त्यांचा आवाज मघापेक्षा खालचा होता.

“सिस्टरचे आभार मानायचेत. त्यांना एकांतात म्हणाले तर त्या रुमालांच्या घड्या घालायला लागतात, म्हणून इथे मानते. त्यांनी मला घाबरवलं नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता. साहेबांचेही आभार मी त्या सोमवारी मानले होते, ते परत घेत नाही. त्यांचा हात चांगला आहे, मला दुखलं नाही. फक्त त्यांना एक विचारू का?”

“हे रीतीला धरून नाही,” वकील म्हणाले.

“तुम्ही मला विचारा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “योग्य वाटलं तर मी त्यांना विचारेन.”

“माझ्या चुकीचं मी सांगितलं. माझ्यासारख्या बायका चुकणार, हे त्यांना ठाऊक असणार. आमची ही पहिलीच वेळ असते, त्यांची रोजची. तर सिस्टरने त्यांच्या पद्धतीबाहेर जाऊन फोन केला, हा गुन्हा धरू. मग पद्धतीप्रमाणे मला फोन कोणी करायचा होता? तेवढं सांगावं. मी त्या माणसाचेही आभार मानून ठेवते.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि साहेबांना पेलवले नाही ते बहुधा तेवढेच. टोमण्याला उत्तरे तयार असतात. वकिलांच्या फाइलमध्ये ती क्रमांकानुसार लावलेली होती. आभार मानण्यासाठी माणूस शोधत आलेल्या बाईला कोणता क्रमांक काढून दाखवायचा, हे त्या फाइलला ठाऊक नव्हते.

अध्यक्षबाईंनी प्रश्न जसाच्या तसा साहेबांना विचारला. वकील झुकून म्हणाले, “उत्तर देणं बंधनकारक नाही,” आणि त्यांनी साहेबांच्या बाहीवर हात ठेवला. साहेबांनी बाही सोडवून घेतली. चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच भिंतीकडेच्या खुर्चीकडे पाहिले. सिस्टर त्यांच्याकडे पाहत नव्हती. तिची नजर पाण्याच्या ग्लासावर होती.

त्यानंतर ते जे बोलले ते लघुलेखकाने शब्दशः टिपले. समितीच्या इतिवृत्तात ते अकराव्या पानावर आहे, आणि सिस्टरची नोंदणी अबाधित ठेवून तिला सन्मानाने कामावर घेण्याचा आदेश त्याच पानाला जोडलेला आहे:

“कोणीही नाही. आमच्या पद्धतीत असा फोन कोणी करायचाच नव्हता. एकतीस हा आकडा मी पाहिला होता. सिस्टरने मला त्याच दिवशी, जिन्यात, विचारलं होतं, इंजेक्शन बदलू का आणि रोपण पुढे ढकलू का. दोन्ही प्रश्न बरोबर होते. मी नको म्हणालो, कारण रोपण पुढे ढकललं की ती केस आमच्या पहिल्या प्रयत्नातल्या यशाच्या टक्केवारीत धरता येत नाही. अशा बायका नंतर दुसरीकडे दाखल होतात, हे मला माहीत होतं. किती, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सिस्टरने सांगितलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.”